बांधातली दारं

माझ्या आईच्या हातून पाणी सांडलेलं मी कधी पाहिलं नाही. डोक्यावर दोन हंडे आणि कडेवर कळशी घेऊन ती तळ्यावरून येई. वाट चिखलाची असो की दगडांची, अंगणात उतरवले की हंडे काठोकाठ भरलेले असत. पाय धुवायला ती तांब्याच्या तळाशी उरलेलं पाणी घेई आणि तेवढ्यात दोन्ही पाय टाचेपासून बोटांपर्यंत लख्ख करी. तांदूळ धुतलेलं पाणी गुरांना आणि भांडी विसळलेलं दारातल्या अळवाला. आम्ही भावंडं हसायचो. बा म्हणायचा, "तुमच्या आयेला समिंदर दिला तरी ती तो पुरवून वापरंल." आई हंड्यांवर झाकणं ठेवून कामाला लागे. ती खाडीच्या तोंडाकडच्या एका मिठागराच्या गावातून आली होती, आणि माहेरच्या गोष्टी ती कधी काढत नसे. इतर बायका जात्यावर बसल्या की भाऊ-भावजयीच्या ओव्या गात. आई नुसतं जातं ओढी.

आता मी नौपाड्यात धाकट्या मुलाच्या घरी राहते. इथे मोरीत नळ आला आहे. नातवंडं दात घासताना तोटी उघडी ठेवतात आणि मी गुडघे धरून उठते आणि ती बंद करते. सूनबाई म्हणते, "आई, बसा हो, पाणी काही संपत नाही." तिनेच पन्नाशीनंतर माझ्या हातात पाटी देऊन मला अक्षरं शिकवली, म्हणून मी तिला उलट बोलत नाही. पण पाणी संपतं, हे मला ठाऊक आहे. ते कशाने राहतं हेही मी एकदा डोळ्यांनी पाहिलं आहे. ते लिहून ठेवायला हवं असं बरेच दिवस मनात होतं.

आमचं गाव कोपरच्या पुढे, खाडीला चिकटून. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला टेकडी, मधल्या पट्टीत घरं आणि भातखाचरं. खाडीचं पाणी दिवसातून दोनदा चढे आणि दोनदा उतरे. ते शेतात शिरू नये म्हणून कुणा जुन्या माणसांनी मातीचा बांध घातलेला होता, पुरुषभर उंच, पाऊण कोस लांब. तो कुणा एकाचा नव्हता. घरटी एक माणूस पाळीने त्यावर चिखल लिंपायला, खेकड्यांची बिळं बुजवायला जाई. ज्या घरात पुरुष नाही त्या घरची बाई जाई, आणि तिच्या वाट्याचं काम कुणी कमी धरत नसे. माझा बा बांधाचा राखणदार होता. ही कामगिरी त्याला गावाने दिलेली; तिचा कागद नव्हता की शिक्का नव्हता. उजाडायच्या सुमाराला तो बांधावरून अनवाणी चालत जाई, आणि कुठे माती आतून पोकळ झाली आहे ते त्याच्या तळपायाला कळे.

टेकडीवर राई होती. ऐन, हेद, जांभूळ, करंज, आणि त्यांना विळखा घालून चढलेल्या मांडीएवढ्या जाड वेली. राईत कुऱ्हाड न्यायची नाही, गुरं सोडायची नाहीत, वाळलेली काटकीसुद्धा उचलायची नाही. पडलेलं झाड पडल्या जागी कुजू द्यायचं. खालच्या उतारावरचं गवत दसऱ्यापर्यंत कापायचं नाही. आम्हा पोरांकडे एक काम असे: उतारावर जिथे जिथे ओघळ पडे तिथे आडवे दगड रचायचे. "पान्याला पलू देऊ नका, त्याला चालवा," असं मोठी माणसं सांगत. टेकडीच्या पायथ्याला कातळातून करंगळीएवढा झरा येई आणि त्याच्याखाली आमचं तळं. आजूबाजूला जिथे विहीर खणावी तिथे मचूळ पाणी लागे. गोड पाणी तेवढं एकच. चैत्रात सगळं गाव मिळून तळ्याचा गाळ काढी आणि तो गाळ पाट्यांनी नेऊन बांधावर टाकी. टेकडीवरून उतरलेली माती अशी फिरत फिरत शेवटी खाडीच्या तोंडाशी जाऊन उभी राही. हे सगळं इतकं रोजचं होतं की त्यात काही विशेष आहे असं मला कधी वाटलं नाही. एके दिवशी मात्र वाटलं.

आषाढातला दिवस होता. पाऊस थांबून घटका दोन घटका झाल्या होत्या, अंगणातले दगड वाळायला लागले होते. आई म्हणाली, "चल गो जने, तुला कायतरी ऐकवतंय." ती मला राईत घेऊन गेली. बाहेर ऊन पडलेलं आणि आत अजून पाऊस चालूच होता. वरच्या पानावरून खालच्या पानावर, तिथून वेलीवर, वेलीवरून जमिनीवर, थेंब आपल्या वेळाने खाली उतरत होते. पायाखाली पाचोळा इतका की घोटा आत जाई. आईने मला पालथं झोपवलं आणि कान जमिनीला लावायला सांगितला. आधी मला माझाच श्वास ऐकू आला. मग त्याच्याखालून एक आवाज यायला लागला, बारीक, सलग, काळोख्या गोठ्यात गाय घमेल्यातून पाणी पिते तसा. "टेकडी पिते," आई हलकेच म्हणाली. "आता पिते, वैशाखान देते." मी किती वेळ तशी पडून होते कुणास ठाऊक. आपण कुठल्यातरी अफाट जितराबाच्या पाठीवर झोपलो आहोत आणि त्याला आपलं ओझं जाणवतसुद्धा नाही, असं काहीतरी मला वाटलं. भीती वाटली आणि उठावंसंही वाटेना. उठले तेव्हा गालाला चिकटलेली पानं आईने एकेक करून काढली आणि परत तिथेच ठेवली.

घर आमचं कुडाचं, कारवीच्या काठ्यांना शेणमाती लिंपलेलं. सकाळी जाग येई ती भाकरीच्या थापण्याने. राता तांदळाची भाकरी, रंगाने तांबूस, आणि तिच्याबरोबर जवळ्याची चटणी नाहीतर आदल्या दिवशीचं चिंबोऱ्यांचं कालवण. शिळं कालवण ताज्यापेक्षा चवीचं लागे, यावर आमच्या घरात कधी वाद झाला नाही. दूरवरून आगगाडीची शिट्टी येई तेव्हा बा शेतावर निघे. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात बाने घराला पडवी काढली. आई लग्न होऊन आली तेव्हापासून पडवीचं चाललं होतं, आणि दरवर्षी काहीतरी आडवं येई. शेवटी कल्याणच्या वखारीतून बारा खांब होडीत घालून खाडीतून आणले. होडी धर्माकाकाची. धर्माकाका म्हणजे बाचा चुलत भाऊ. शेत करून उरलेल्या दिवसांत होडीने पेंढा आणि माती वाहायचा. खांबांबरोबर फणसाच्या लाकडाचं एक दारही आलं. पडवी उभी राहिली त्या दिवशी आईने प्रत्येक खांबाला हळदीकुंकवाची बोटं लावली. दुपारी कामं आटोपली की ती शेवटच्या खांबाला पाठ टेकून तांदूळ निवडत बसे. तिला नुसतं बसलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

भादव्यातली अवस होती. सर्वपित्रीचा स्वयंपाक म्हणून आई पहाटेच उठून वड्यांचं पीठ मळत होती. बा बांधावर गेला होता. फटफटलं तेव्हा तो परत आला, आणि तो धावत आला. बाला धावताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

"खांड पडली," तो म्हणाला. एवढंच. आणि पुढच्या घराकडे गेला.

आई पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर पडली. मी तिच्या मागे. आम्ही पोचलो तोवर निम्मं गाव बांधावर जमलं होतं. रात्रीच्या उधाणाने बांध फोडला होता. दोन बैलगाड्या शेजारी शेजारी जातील एवढं खिंडार, आणि त्यातून शेतात शिरलेलं पाणी आता ओहोटीबरोबर परत खाडीत चाललं होतं, गढूळ, आवाज करत, जाता जाता कडेची माती खात. पोटरीत आलेलं भात चिखलात आडवं झालं होतं. त्याच्या पानांवर खाऱ्या पाण्याची रेघ दिसत होती. बायका रडत नव्हत्या. सगळे बाच्या तोंडाकडे बघत होते.

बाने खिंडारात उतरून पायाने तळ चाचपला. वर येऊन तो म्हणाला, "राता हाय, एकदा खारं पानी सोसंल. वरून पाऊस आला त धुपून निघंल. पन दुसऱ्यांदा नाय सोसणार. दुपारचं उधान कालच्याहून मोठं हाय. सूर्य कलंडायच्या आत पानी वर येल. ते शेतान शिरलं त शेताच्या पुढं तल्याची पाल हाय."

तळ्याची पाळ शेताच्या बाजूला कमरेइतकीच होती, हे प्रत्येकाला माहीत होतं.

"काय कराचं ते सांग," धर्माकाका म्हणाला. त्याचं शेत खिंडाराच्या अगदी तोंडाशी होतं.

"जाड खांब पायजेत. दोन ओळी ठोकाच्या, मदी कूड उभे कराचे, त्यान चिखल आनि पेंढा. नुसता चिखल टाकला त पानी घेऊन जाल."

खांब कुठून आणायचे? सरकारी जंगल मलंगगडाकडे, आणि तिथे हात लावायची सोय नाही. कल्याणच्या वखारीत जाऊन यायचं तर होडी परत येईपर्यंत उधाण येऊन गेलेलं असेल. बांधाबाहेरच्या खारफुटीतले तिवर वाकडेतिकडे, आणि ते तोडले तर उरलेल्या बांधाच्या पायाची माती सुटेल. हळूहळू सगळ्यांच्या माना टेकडीकडे वळल्या. तिथे सरळ, ताठ, खांबांसाठीच वाढल्यासारखे ऐन उभे होते.

धर्माकाका घरून कुऱ्हाड घेऊन आला. आणखी चौघं आले. बा सर्वांत पुढे होता, त्याच्याही हातात कुऱ्हाड होती. माझा बा, जो राईत शिंकला तरी तोंड फिरवायचा. राईच्या कडेला येऊन त्याने हात जोडले. "बारा झाडं," तो झाडांकडे बघत म्हणाला. "बाराच. जास्त नाय घेनार."

"एक पन नाय."

सगळे मागे वळले. आई होती. पिठाचे हात वाळून पांढरे झाले होते. गावच्या बायका एरवी आपसांत खूप बोलत, पण चार पुरुषांच्या कामात असा शब्द टाकलेला मी पाहिला नव्हता. बा गोंधळला. "अगो, बांध जाल."

"जाऊ दे. एक साल उपाशी रवू."

"वैनी," धर्माकाका म्हणाला, "उपाशी रवनं म्हंजे काय ते तुमी सांगू नका. पयलं शेत माजं जाल. आनि तलं पन जाल. ते खारं झायलं त काय पियाचं?"

"तलं खारं झायलं त उपसून टाकू. झरा हाय, तो परत भरून देल. झराच गेला त काय उपसाचं, भाऊजी?" आई खाली बसली. उभ्याने सांगता येणार नाही असं काहीतरी तिला सांगायचं होतं. "माज्या म्हायेरला पन टेकडी होती. तिच्यावर पन राई होती. चुन्याच्या भट्टीवाल्याला झाडं पायजे होती, आमच्या लोकांनी दिली. बाराच दिली. मंग परत बारा. दर साली कायतरी नड येतंच. पाच पावसाळं झरा होता. सहाव्या साली वैशाखान आमी गेलो त कातल नुसता ओला होता. मंग तो पन सुकला. मी आठ वर्सांची होती. मिठाच्या होडीतनं दुसऱ्या गावचं पानी यायचं. एका घराला एक हंडा. होडी नाय आली त नाय. माजी धाकटी बहीन तापान पानी मागत होती. आये तिच्या ओठाला वला फडका लावायची. होडी तिसऱ्या दिशी आली."

मला मावशी होती हे मला त्या क्षणी कळलं.

"हे झाड आपल्या आज्याच्या आज्यान लावलेलं पन नाय," ती म्हणाली. "ते तोडाला सकाल पुरंल. वाढवाला कोन बसनार हाय?" मग ती उठली, आणि अगदी रोजच्या आवाजात बाला म्हणाली, "बारा खांब पायजेत ना? आपल्या पडवीला बारा हायेत. चला."

ती चालायला लागली. मागे वळून तिने पाहिलंसुद्धा नाही. बाने कुऱ्हाड खांद्यावर टाकली आणि तिच्या मागून निघाला. मी पळत घरी पोचले तेव्हा आईने पडवीतली सुपं, जातं, कोंबड्यांचा खुराडा सगळं अंगणात आणून ठेवलं होतं आणि दाराच्या बिजागऱ्यांशी खटपट करत होती. बा पहिल्या खांबापाशी आला. खांबावर कुंकवाची बोटं होती. तो आईकडे बघत राहिला.

"बगता काय," आई म्हणाली. "पानी वाट नाय बगनार."

बाने पहिला घाव घातला. पडवीचं छप्पर एका बाजूने कलंडलं, पेंढ्याची धूळ उडाली, आणि बारा वर्षं वाट बघून झालेली ती पडवी, मी आंघोळीला जाऊन यावं एवढ्या वेळात अंगणात आडवी झाली. धूळ खाली बसली तेव्हा मला शेजारून आवाज आला. ठक. मग पलीकडून. मग खालच्या आळीतून. मी कुंपणावर चढून पाहिलं. गावातल्या घराघराशी माणसं उभी होती आणि आपापलं घर सोडवत होती. कुणी पडवीचे खांब काढत होतं, कुणी दार खांद्यावर घेऊन निघालं होतं, कुणी अख्खा कूड उचलून चौघांच्या खांद्यावर दिला होता. एकटी राहणारी एक म्हातारी आपल्या बाजेचे चार पाय काखोटीला मारून बांधाकडे चालली होती. कुणी कुणाला सांगायला गेलं नव्हतं. इतक्या वर्षांनी मी हे लिहिते आहे आणि माझ्या हातावर काटा आला आहे. पुढे मी आयुष्यात बरंच पाहिलं, मोठमोठे पूल पाहिले, गिरणीची धुराडी पाहिली. पण त्या सकाळी घरं स्वतःच्या पायांनी चालत बांधाकडे निघाली होती, त्याच्यापुढे मला दुसरं काही मोठं वाटलं नाही.

खांब ठोकायला सुरुवात झाली तेव्हा ओहोटी संपत आली होती. पुरुष खिंडारात उतरून मोगरीने ठोकत होते. आम्ही बायका वरच्या खाचरात चिखल तुडवत होतो, त्यात पेंढा मिसळून गोळे करून हातोहात पुढे देत होतो. कडेचे खांब बसले. मधे मात्र तळ इतका खचला होता की खांब घातला की डोलायचा. दोनदा ठोकून दोनदा तो वाहून गेला. तोवर भरती लागली होती. खाडीचा रंग पालटला आणि खिंडारातलं पाणी उलटं आत सरकू लागलं. बा हातातली मोगरी खाली टेकून नुसता बघत होता.

धर्माकाका केव्हा गेला ते कुणाला कळलं नाही. तो आला तो खाडीतून, भरतीबरोबर होडी वल्हवत. खिंडारासमोर येऊन त्याने होडी आडवी केली आणि ती नेमकी मधल्या खळग्यावर आणली. त्याला काय करायचं आहे ते बाला आधी कळलं. "धर्मा, इचार कर," तो म्हणाला. धर्माकाकाने आईकडे पाहिलं, ती चिखलात गुडघाभर उभी होती. "वैनी," तो म्हणाला, "तुमी बारा दिलेत. माजी एकच हाय." आणि त्याने कुऱ्हाडीने होडीच्या तळाला भोक पाडलं. सकाळी राईसाठी आणलेली तीच कुऱ्हाड. होडी बसली. आम्ही दगड, चिखल, जे हाताला येईल ते तिच्यात टाकलं. तिच्या दोन्ही अंगांना खांब भिडवले, त्यांना दोन्हीकडून दारं आणि कूड टेकवले, मधे चिखल भरला.

पाणी चढत होतं. खाडीला घाई नव्हती. ती बोटाबोटाने येत होती आणि त्यातच तिचा धाक होता. ओल्या चिखलाची भिंत आतल्या बाजूला फुगायला लागली तसा बा वरून म्हणाला, "पाठी लावा." आम्ही सगळे, बायका, पुरुष, पोरं, आतल्या बाजूने त्या भिंतीला पाठ लावून ओळीने उभे राहिलो, पाय चिखलात रोवून. माझ्या एका बाजूला आई होती, दुसऱ्या बाजूला धर्माकाकाची बायको. माझ्या पाठीशी आमच्याच घराचं फणसाचं दार होतं. दारातून मला पाण्याचा थंडपणा लागत होता. आधी कमरेशी, मग पाठीच्या मध्याशी, मग खांद्यापाशी. पलीकडे सगळी खाडी माझ्या पाठीला पाठ लावून उभी होती. ती ढकलत नव्हती, फक्त होती, आणि तिचं वजन मला कळत होतं. मी आईकडे पाहिलं. तिचे डोळे मिटलेले होते आणि ओठ हलत होते. ती देवाचं नाव घेते आहे असं मला वाटलं. नंतर विचारलं तेव्हा म्हणाली, ती आकडे मोजत होती, दुसरं काही सुचेना म्हणून.

वर बांधावर बा काठी रोवून बसला होता. पाणी काठीवर कुठवर येतं ते तो बघत होता. पाणी दाराच्या वरच्या कडेला एक बोट कमी असताना तो उठून उभा राहिला. मग कितीतरी वेळ काहीच झालं नाही. वारा पडला. एक बगळा खाडीवरून उडत आला आणि आमच्या डोक्यांवरून शेताकडे गेला. शेकडाभर माणसं उभी होती आणि श्वासाखेरीज आवाज नव्हता. मला आषाढातली राई आठवली, जमिनीला लावलेला कान आठवला. तसंच काहीतरी आताही आम्हा सगळ्यांच्या मागून ऐकू येत होतं.

"थांबलं," बा म्हणाला.

आणि बऱ्याच वेळाने, "उतरतंय."

माणसं होती तिथेच चिखलात बसली. धर्माकाका खिंडारापाशी गेला, होडीची एक कड चिखलातून वर आली होती तिच्यावर त्याने हात ठेवला आणि तो तिथेच बसून राहिला. बा जाऊन त्याच्या शेजारी बसला. पितरांचा स्वयंपाक त्या वर्षी कुठल्याच घरी झाला नाही. वड्यांचं पीठ आंबून गेलं. आई म्हणाली, पितर बघत होते, ते समजून घेतील.

पुढे चार दिवसांनी हस्ताचा पाऊस लागला. ओहोटीला उघाडी, म्हणजे बांधातली पाण्याची झडप, उघडून बा शेतातलं पाणी सोडी आणि पावसाने नवं भरे. असं करत करत खार धुपून गेला. धर्माकाकाच्या शेतात फोल जास्त आलं, बाकीच्यांनी आपापल्या खळ्यातून त्याच्या कणगीत भात घातलं. त्यानंतरच्या उन्हाळ्यात सगळ्यांनी मिळून त्याला होडी करून दिली. तळं गोड राहिलं. राईतलं एक पानही तुटलं नाही.

पण तो हिवाळा आम्ही उघड्या घरांत काढला. नवे खांब घ्यायला भात विकून हातात काही यायला हवं होतं. कुणाच्या घराला दार नाही, कुणाच्या घराला एक भिंत नाही. पहाटेचा वारा सरळ चुलीपर्यंत येई. कुत्री आत येऊन झोपत. खाडीवरून गावाकडे बघितलं की वाटे, गावात लूट झाली आहे.

अशात मार्गशीर्षात मला बघायला पाहुणे आले; त्या काळी दहा-अकरा वर्षांच्या पोरींची लग्नं होत. ठाण्याचे, नौपाड्याकडे शेती असलेले. तेव्हा नौपाड्यात शेतं होती हे आता माझ्या नातवंडांना खरं वाटत नाही. मुलाचे वडील, म्हणजे पुढे माझे मामंजी, लाल पागोटं, पायात करकरणारे नवे जोडे. ते अंगणात आले आणि थबकले. त्यांनी आमचं घर पाहिलं, मग शेजारचं, मग त्याच्या पलीकडचं. बरोबरच्या माणसाने त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं. बाने अंगणात घोंगडी घातली. त्यांनी गूळपाणी घेतलं, पण बसले ते अर्धवट उठण्याच्या बेताने. मी दार नसलेल्या घराच्या आत बसले होते, म्हणजे सगळ्यांना दिसत होते, आणि मान वर करत नव्हते.

"गावाला काय झायलं?" त्यांनी शेवटी विचारलं. "आग लागलेली का?"

बा सांगायला गेला, पण त्याला स्वतःच्या गावाची गोष्ट नीट सांगता येईना. तेव्हा धर्माकाका उठला. "चला, दाखवतंय," म्हणाला.

ते दोघं बांधावर गेले. आम्हाला अंगणातून दिसत होतं. नव्या भागापाशी धर्माकाका थांबला आणि हाताने काहीतरी दाखवत राहिला. त्या भागातली माती अजून पुरती बसली नव्हती. चिखलातून दारांच्या कडा, उंबऱ्याचे तुकडे, खांबांची डोकी वर आलेली होती, आणि काहींवर हळदकुंकू अजून पुसलेलं नव्हतं. मामंजी बराच वेळ उभे होते. मग ते खाली वाकले. त्यांनी जोडे काढले, हातात घेतले, आणि तेवढा भाग ते अनवाणी चालत गेले, पलीकडच्या टोकापर्यंत, आणि तसेच परत आले.

अंगणात आल्यावर ते घोंगडीवर नीट मांडी घालून बसले. बा हात चोळत म्हणाला, "पावनं, मी काय सांगू. घराला दार पन नाय, अशा घरातली पोर..."

"दार नाय कसं?" मामंजी म्हणाले. "मी आताच बगून आयलो." आणि मग म्हणाले, "पोरगी कवा देता ते बोला."

आई पदर तोंडाला लावून उठली आणि आत गेली. पण आत म्हणजे कुठे, घर तर समोरून सताड उघडं होतं. अंगणातल्या सगळ्यांनी तिला रडताना पाहिलं, आणि कुणी तोंड फिरवलं नाही.